ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता

माझ्या धावायच्या पँटच्या खिशाला आईने आतल्या बाजूने एक पांढरी कापडी पट्टी शिवून दिली आहे. जुन्या उशीच्या अभ्र्याची, बोटभर रुंद. लाँड्रीवाले कपड्यांवर खूण करतात तसल्या न जाणाऱ्या शाईने तिच्यावर माझं नाव, घरचा फोन नंबर आणि 'ओ पॉझिटिव्ह' एवढं लिहिलं आहे. मी शाळेत असताना गणवेशाच्या कॉलरला ती अशाच पट्ट्या शिवायची. तेव्हा कपडा हरवू नये म्हणून. आता कशासाठी, ते तिने बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. सुईत दोरा ओवता ओवता ती एवढंच म्हणाली, "जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण वेळ आलीच, तर तू कुणाची आहेस ते कळायला नको का कुणाला?"

मी माहीमला राहते आणि गेली नऊ वर्षं पहाटे धावते. सव्वापाचला घर सोडायचं, शितळादेवीवरून शिवाजी पार्क, तिथून सावरकर मार्गाने प्रभादेवी, सिद्धिविनायकाला बाहेरूनच नमस्कार, पुढे वरळी सी फेस आणि परत. जाऊन-येऊन बारा किलोमीटर होतात. जूनमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, त्यामुळे परतीचा रस्ता उजेडात होतो. जानेवारीत सूर्योदयाला सव्वासात वाजतात. मी घरी येऊन अंघोळ करून डबा भरायला घेते तरी बाहेर पुरतं उजाडलेलं नसतं. उशिरा निघावं तर ऑफिस, ऊन आणि रहदारी, तिन्ही आडवी येतात. मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईला धावायचं असेल तर वर्षातले निम्मे दिवस अंधारातच धावावं लागतं. सुरक्षिततेबद्दल बोलणाऱ्यांनी आधी एवढं मान्य करावं.

धावायला सुरुवात केली तेव्हा भेटेल त्याने एक सल्ला आवर्जून दिला होता: रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने जायचं नाही. कुणी पाळत ठेवून असेल तर त्याला आपला नेम कळता कामा नये. सल्ला देणारी माणसं शहाणी होती, माझ्या भल्याचंच सांगत होती. पहिलं वर्ष मी तो मनोभावे पाळला. सोमवारी माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, बुधवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या, शनिवारी वरळी. कधी पाचला, कधी पावणेसहाला. कुणाला माझा नेम कळणं शक्यच नव्हतं. त्या वर्षी मला कुणी ओळखतही नव्हतं. ज्या रस्त्यावर जाईन तिथे मी परकी होते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात एकदा पहाटे मी शिवाजी पार्कच्या दिशेने रस्त्याच्या डाव्या कडेने धावत होते. दोन्ही कानांत गाणी. मागून गाडी येताना तिच्या दिव्याने आपली सावली पुढे लांबच लांब पडते, मग ती बाजूला वळते, फिरते आणि गाडी निघून जाते. पहाटे धावणाऱ्याला हा खेळ इतका सवयीचा होतो की तिकडे लक्ष जाईनासं होतं. त्या दिवशी सावली वळेना. वीस पावलं, तीस पावलं, माझ्यापुढे माझी सावली तशीच. कानातलं काढलं तेव्हा मागे मोटरसायकलचा धीम्या गतीचा आवाज ऐकू आला. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. मी चालायला लागले, तीही रेंगाळली. मागे वळून बघायचा धीर मला झाला नाही. पोटात गोळा आला म्हणतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पुढच्या कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या फळीखाली ट्यूबलाइटचा उजेड होता आणि चार-पाच माणसं जमिनीवर बसून वर्तमानपत्रं लावत होती. मी धावत त्यांच्यात शिरले आणि गठ्ठ्यांच्या मध्ये उभी राहिले. काय बोलावं ते सुचेना, श्वास लागला होता. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. हातातला पेपर खाली ठेवून तो उठला आणि फुटपाथच्या कडेला जाऊन नुसता उभा राहिला. काही बोलला नाही, ओरडला नाही. मोटरसायकल त्याच्यासमोरून निघून गेली. परत येऊन त्याने एक गठ्ठा सरकवला. "बसा ताई. दम खा."

मी दहा मिनिटं तिथे बसले. बसल्या बसल्या त्यांचं काम बघत होते. सुतळी कापायची, गठ्ठा मांडीवर घ्यायचा, अंगठ्याने पेपरचं तोंड उघडायचं, दुसऱ्या हाताने पुरवणी आत सरकवायची, तळहाताने कड दाबायची, की पुढचा पेपर. डोळे कामावर नसतात. काम बोटंच करत असतात आणि डोळे रस्त्यावर मोकळे असतात. त्या रस्त्यावर पहाटे चार ते साडेसहा कोण आलं, कोण गेलं, कुठली टॅक्सी कुठे लागली, कुणाचा कुत्रा सुटला, सगळं त्या माणसांना ठाऊक होतं. मी निघाले तेव्हा ते वयस्कर काका म्हणाले, "ताई, रोज इथूनच जावा. आणि याच टायमाला जावा. म्हंजे आमचं लक्ष राहील."

वर्षभर ऐकलेल्या सल्ल्याच्या अगदी उलट होतं हे.

घरी येऊन मी बराच वेळ विचार करत बसले. वेळ आणि रस्ता बदलत राहा, या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: रस्त्यावर आपल्याकडे बघणारा प्रत्येक माणूस संशयित आहे. प्रत्यक्षात पहाटेच्या मुंबईत बघणाऱ्यांपैकी बहुतेक जण कामावर असतात. दादरच्या फूलबाजाराकडे झेंडूच्या गोण्या नेणारे हमाल, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरवणारी मुलं, खराटा मारणाऱ्या महापालिकेच्या सफाई कामगार बाया, पहिली बेस्ट पकडायला निघालेल्या नर्सेस, सुरक्षारक्षक, चहाची किटली घेऊन सायकलवर फिरणारा माणूस. वाईट हेतूचा माणूस एखादाच असतो आणि त्याला हवी असते ती परकी, कुणाच्या ओळखीची नसलेली बाई. दुसऱ्या दिवसापासून मी वेळ ठरवली आणि रस्ता ठरवला. आठ वर्षं झाली, त्यात बदल केलेला नाही.

फोनच्या बाबतीत मात्र मी याच्या बरोबर उलट वागते. धावण्याची नोंद ठेवणारी ॲप्स आपला नकाशा जगासमोर मांडतात. घराचं दार, निघायची वेळ, परतायची वेळ, सगळं त्यात असतं. तो नकाशा बघणारा कुठे बसला आहे ते आपल्याला दिसत नाही आणि हाक मारली तर तो धावून येणार नाही. म्हणून माझ्या नोंदी खासगी आहेत, घराजवळचा भाग लपवलेला आहे, आणि मी या क्षणी कुठे आहे हे फक्त नवऱ्याच्या फोनवर दिसतं. जो मला बघतो तो मलाही दिसला पाहिजे, एवढी माझी अट आहे.

ठरलेल्या रस्त्याला पुढे ठरलेले वारही जोडले गेले. मंगळवार माझा सर्वांत निर्धास्त दिवस. सोमवारी रात्रीपासूनच सिद्धिविनायकाकडे माणसांची रीघ लागते. कुणी नवसाचे, कुणी नेमाचे, कुणी उपनगरांतून रात्रभर चालत आलेले. पहाटे त्यांचे घोळके अनवाणी चालत असतात. थकलेल्या पावलांचा रस्त्यावर एक मऊ आवाज येतो, चपलांचा येतो तसा नाही. कुणाच्या हातात दूर्वा, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं मूल. आयांनी पदर कमरेला खोचलेले असतात. अंगारकीला तर मला धावायला जागाच उरत नाही, मी चालते. बुधवारी माहीमच्या चर्चकडे नोव्हेनाला निघालेली माणसं असतात, त्यांत सगळ्या धर्मांची. गुरुवारी दर्ग्याकडची वर्दळ. श्रद्धेचं माझं गणित फार मोठं नाही, पण हे शहर पहाटेच्या बाईला संरक्षण देतं ते या पायी चालणाऱ्यांच्या जिवावर, हे मी रोज अनुभवते. रविवारी ऑफिसं बंद, नवसकरी कमी, दुकानांना कुलपं. रस्ता सगळ्यात मोकळा आणि सगळ्यात धोक्याचा.

मोकळ्या रस्त्याच्या या धोक्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. बाईच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की सगळ्यांचं लक्ष अंधारातल्या माणसाकडे जातं. मला आता मोटारीची जास्त भीती वाटते. 2023 च्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी वरळी सी फेसवर धावायला गेलेली एक स्त्री भरधाव मोटारीच्या धडकेने जागच्या जागी गेली. ती नवखी नव्हती, मॅरेथॉन धावलेली होती. जागा कुठली आडबाजूची नव्हती, समुद्राकाठचा प्रशस्त रस्ता होता. त्याच रस्त्यावरून मीही धावत होते, आजही धावते.

ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ताशी 80 च्या वेगाने 22 मीटर. समोर माणूस आहे हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर ब्रेक लागतो, आणि वेग दुप्पट असला तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. दिवसा मुंबईत गाडीला अनेकदा ताशी 20 चाही वेग मिळत नाही. पहाटे तोच रस्ता रिकामा मिळाला की माणसाचा पाय आपोआप खाली दाबला जातो. त्यात कुणी रात्रभर जागलेला, कुणी प्यायलेला, कुणी फोनवर बोलणारा.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं, रस्त्याच्या नेहमी डाव्या बाजूने चालावं. आपल्या देशात गाड्याही डाव्या बाजूनेच जातात, म्हणजे ही शिकवण पाळणाऱ्याची पाठ कायम गाड्यांकडे. फुटपाथ असेल तर ठीक. फुटपाथ खणलेला असेल, त्यावर मोटरसायकली लावलेल्या असतील, पेव्हर ब्लॉक दातासारखे वर आले असतील आणि रस्त्यावर उतरावंच लागणार असेल, तर उजवी कड धरायची; येणाऱ्या गाडीकडे तोंड करून धावायचं. गाडी दिसली की तिच्या वेगाचा अंदाज येतो, ती डगमगत असेल तर कळतं, उडी मारून बाजूला व्हायला दोन सेकंद मिळतात. त्या डिसेंबरातल्या पहाटे मी उजवीकडे असते तर तो मोटरसायकलवालाही माझ्या मागे राहू शकला नसता. त्या दिवसापासून मी डावी बाजू सोडली आणि गाणीही सोडली. चमकणाऱ्या पट्टीचं जाकीट घालते. पाठीला लुकलुकणारा लाल दिवा लावते, सायकलला लावतात तसा. चौकात सिग्नल माझ्या बाजूचा असला तरी थांबून ड्रायव्हरचा चेहरा बघते. त्याने मला पाहिलं असं दिसलं, तरच रस्ता ओलांडते.

पण हे सगळं मी करते आहे. धावणारी बाईच करते आहे. वरळीच्या त्या घटनेनंतर माझ्या ओळखीच्या किती जणांनी मला म्हटलं, "कशाला जायचं इतक्या सकाळी रस्त्यावर?" हा प्रश्न मी फार गांभीर्याने घेते, कारण विचारणाऱ्यांचं माझ्यावर प्रेम आहे. तरीही तो चुकीच्या माणसाला विचारलेला प्रश्न आहे. इतक्या सकाळी इतक्या वेगाने कशाला जायचं, हे कुणी त्या मोटारवाल्याला विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवरचं पुस्तक 2011 साली आलं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरीच बसवलं जातं, असं त्यांनी तळमळीने मांडलं आहे. वाचताना मला माझे बूट आठवले. धावण्याचे बूट आणि घामाने भिजलेला टी-शर्ट हाच माझा परवाना आहे. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर मी साडी नेसून कठड्यावर नुसती समुद्र बघत बसले तर गस्तीची गाडी थांबते. एकदा थांबली होती.

जानेवारीतला तिसरा रविवार मात्र वेगळा. 2004 पासून मुंबईत मॅरेथॉन होते. त्या पहाटे हजारो माणसं माहीमच्या रेतीबंदरवरून अर्ध्या मॅरेथॉनला निघतात आणि सी लिंकवरून धावतात. एरवी त्या पुलावर पायी माणसाला पाऊल ठेवता येत नाही. छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाच्या, म्हणजे बिबच्या, मागच्या बाजूला नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर लिहायचा असतो. आईच्या पट्टीवर आहे तेच सगळं. रस्ते बंद, चौकाचौकांत पोलीस, जागोजागी पाणी आणि डॉक्टर, कडेला उभं राहून नाव घेऊन ओरडणारे लोक. शहराला हे करता येतं, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसतं. वर्षातल्या उरलेल्या रविवारी पहाटे दोन तास, एखाद्याच रस्त्यावर का होईना, गाड्यांचा वेग आवळून धरणं या शहराला जड जाऊ नये.

बाकीचे धोके हवेसारखे आणि ऋतूंसारखे, येतात आणि जातात. हिवाळ्यात वारा पडला की धूर आणि बांधकामांची धूळ खालीच कोंडते. 'समीर' ॲपवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचा आणि दोनशेच्या वर असेल तर घरात जिने चढायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाण्यासोबत मीठ-साखर. कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, थांबायचं, हात खाली सोडून उभं राहायचं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्याचा स्वभाव आहे. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शन, उद्यावर ढकलायचं नाही. पावसात साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. 29 ऑगस्ट 2017 च्या पुरात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून या शहरातले एक नामवंत डॉक्टर गेले. माझा रस्ता त्या भागातूनच जातो आणि गढूळ पाणी दिसलं की मी तिथूनच परत फिरते. चुकून पाय पडला, आणि त्यातून पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिस टाळायच्या गोळ्यांसाठी बहात्तर तासांच्या आत डॉक्टर गाठायचा.

पेपरवाल्या काकांशी आता गप्पा होतात, एखाद-दोन मिनिटांच्या. दोन वर्षांपूर्वी एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "ताई, समजा तुम्हाला गाडीनं ठोकलं. आम्ही उचलून न्यायचो. मग पोलीस आम्हालाच धरून बसवणार. धंद्याच्या टायमाला कोर्टात कोण जाणार?" त्यांच्या एका सोबत्याने पूर्वी कुणाला तरी उचललं होतं आणि पुढे दोन दिवस जबाब देण्यात घालवले होते. मी त्यांना सांगितलं की कायदा आता बदलला आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्यावर त्यामुळे काही बालंट येत नाही. त्याची इच्छा नसेल तर त्याला नावसुद्धा सांगावं लागत नाही. 108 ला फोन लावायचा, माणसाला उगाच हलवायचं नाही, लोकांना दूर ठेवायचं. काकांनी जाहिरातीच्या एका पत्रकामागे ते सगळं माझ्याकडून लिहून घेतलं आणि तो कागद फळीला टाचणीने लावला. अजून आहे तो तिथे, कडा पिवळ्या पडल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यात मला ताप आला. पाच दिवस अंथरुणातून उठले नाही. सहाव्या दिवशी, धावणं जमणार नव्हतं म्हणून, चालत निघाले. कोपऱ्यावर आले तर काका उठून उभे. "कुठं होता ताई? आम्ही म्हटलं काय झालं? पोरगा रोज लायनीवर जाताना तुमच्या गल्लीत बघून येत होता." माझी गल्ली त्यांना माहीत होती, पण इमारत नव्हती. म्हणून पेपर टाकणारा तो मुलगा पाच दिवस नुसता गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून आत बघून जात होता. पुढे सिद्धिविनायकाच्या अलीकडे झाडणाऱ्या मावशीही खराटा टेकवून थांबल्या. "बारीक झालीस गं," म्हणाल्या.

त्या दिवशी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. माझी पँट धुवायला टाकलेली होती; ती तिने उचलली, खिसा उलटा केला आणि पट्टीवरची अक्षरं पुसट झाली आहेत का ते बघितलं.

तुम्ही पहाटे गाडी काढत असाल तर रस्ता रिकामा आहे असं समजू नका. त्यावर माणसं आहेत. आणि तुम्ही पहाटे दुकान उघडत असाल, दूध घालत असाल, गॅलरीत उभं राहून चहा घेत असाल, तर तुमच्या रस्त्यावरून रोज धावत जाणाऱ्या बाईचा चेहरा लक्षात ठेवा. दोन दिवस दिसली नाही, तर तिसऱ्या दिवशी तिला विचारा.